बैकाल सरोवरावरची रेल्वे फेरीबोट

रूळवाट (धागाकर्ता):

मालगाडी धक्क्यावर येऊन थांबायची, इंजीन बाजूला काढले जायचे आणि वाघिणी (मालाचे डबे) टप्प्याटप्प्याने जहाजाच्या पोटात ढकलल्या जायच्या. आत रुळांच्या तीन समांतर जोड्या होत्या आणि त्यांवर साधारण चोवीस वाघिणी मावत. वरच्या मजल्यावर प्रवाशांची दालने, त्याहून वर चार उंच धुराडी. चार तासांच्या आसपास पाणी कापून जहाज पलीकडच्या किनाऱ्याला लागले, की त्याच वाघिणी दुसऱ्या इंजिनाला जोडून गाडी पुढे चीनच्या सीमेकडे निघत असे. सैबेरियातल्या बैकाल सरोवरावर हे १९०० साली सुरू झाले. हा धागा त्या सेवेच्या इतिहासासाठी काढत आहे, कारण तिच्याविषयी जिथे वाचावे तिथे १९०४ च्या हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरावर टाकलेल्या रुळांचीच गोष्ट सांगितली जाते आणि ज्या जहाजाने त्याआधी चार मोसम हे काम केले, ते दोन ओळींत संपते.

ट्रान्स-सैबेरियन रेल्वेचे बांधकाम १८९१ मध्ये सुरू झाले. पश्चिमेकडून येणारा मार्ग इर्कुत्स्कपर्यंत आणि तिथून अंगारा नदीच्या काठाने सरोवरापर्यंत आणणे शक्य होते. सरोवराच्या पूर्वेकडूनही पुढे जाता येत होते. प्रश्न मधल्या भागाचा होता. बैकाल सुमारे ६३६ किलोमीटर लांब आहे, त्याची कमाल खोली १६४२ मीटर आहे, आणि त्याच्या नैऋत्य टोकाला वळसा घालायचा तर किनाऱ्यावर रूळ टाकण्यापुरतीही सपाट जागा नव्हती. डोंगराचे कडे थेट पाण्यात उतरलेले आहेत. तो भाग नंतरसाठी ठेवून, तोवर डबे जहाजाने पलीकडे न्यायचे, असे ठरले. पश्चिमेला अंगारेच्या उगमाशी असलेले बैकाल बंदर आणि पूर्वेला मिसोवाया ही दोन ठाणी निश्चित झाली. त्यांच्यातले जलअंतर सुमारे ७३ किलोमीटर होते.

जहाजाची मागणी इंग्लंडमधल्या न्यूकॅसल येथील आर्मस्ट्राँग कंपनीकडे १८९५ च्या अखेरीस नोंदवली गेली. आता विचार करा: समुद्रातून थेट जहाज आणता येत नाही अशा ठिकाणी, खंडाच्या मधोमध, ४२०० टन विस्थापनाचे जहाज न्यायचे कसे? सांगाडा न्यूकॅसलमध्ये आधी जुळवण्यात आला, प्रत्येक पत्र्यावर आणि फासळीवर खुणा घालण्यात आल्या, आणि मग सगळे पुन्हा सुटे करून हजारो नगांच्या रूपात सेंट पीटर्सबर्गला पाठवण्यात आले. तिथून रेल्वेने क्रास्नोयार्स्क, पुढे येनिसेई आणि अंगारा या नद्यांमधून पडावांवर लादून, तर काही भाग घोड्यांच्या घसरगाड्यांवरून, असा तो माल सरोवराकाठच्या लिस्तव्यांका गावी पोहोचला. अंगारेत तेव्हा खडकाळ, उसळते टप्पे होते आणि प्रवाहाविरुद्ध जड बॉयलर चढवायचे होते. एखादा क्रमांकाचा पत्रा वाटेत हरवला, तर त्याच्या बदलीसाठी अर्ध्या जगापलीकडे निरोप पाठवावा लागणार होता. लिस्तव्यांकात अभियंता झाब्लोत्स्की यांच्या देखरेखीखाली जुळणी झाली आणि १८९९ च्या जूनमध्ये ‘बैकाल’ नावाचे हे जहाज पाण्यात उतरले.

एप्रिल १९०० मध्ये त्याची पहिली कामाची फेरी झाली. त्या फेरीत सुमारे ५०० प्रवासी, दीडशेहून अधिक घोडे आणि दोन रेल्वे इंजिने होती. त्याच उन्हाळ्यात ‘अंगारा’ हे त्याच कंपनीचे धाकटे जहाजही पाण्यात आले. ते वाघिणी नेत नसे. प्रवासी आणि सुटा माल हे त्याचे काम. पुढे १९०३ साली मांचुरियातून जाणारी चिनी पूर्व रेल्वे नियमित सुरू झाली, तेव्हा युरोपातून प्रशांत महासागरापर्यंत सलग रूळ झाले आणि त्यात खंड राहिला तो फक्त या ७३ किलोमीटर पाण्याचा.

माझे म्हणणे थोडक्यात मांडतो. हे जहाज पुलाच्या जागी कायमचे ठेवण्यासाठी बांधले नव्हते. रेल्वे पूर्ण होईपर्यंत रेल्वे चालू ठेवण्याचे ते साधन होते आणि त्याचे मोजमाप त्याच हिशेबाने व्हावे.

उत्तरवारा:

फार चांगला विषय घेतलात. मी जहाजांच्या यंत्रविभागात नोकरी केली आहे, म्हणून ‘बैकाल’च्या रचनेविषयी थोडे अधिक लिहितो.

या जहाजाला पाण्यात फिरून ते ढकलणारे तीन पंखे होते: दोन मागे आणि एक पुढे, नाळेखाली, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाखाली. पुढच्या पंख्याचे काम जहाज ओढण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, बर्फाखालचे पाणी उपसण्याचे होते. बर्फाचा थर पाण्यावर टेकलेला असतो. पाण्याचा तो आधार काढून घेतला, की थर स्वतःच्या वजनानेच कमकुवत होतो, आणि मग वर चढणाऱ्या नाळेचा भार त्याला सहन होत नाही. ही कल्पना अमेरिकेतून आली. मिशिगन आणि ह्युरॉन सरोवरांना जोडणाऱ्या मॅकिनॅकच्या सामुद्रधुनीत १८८८ पासून ‘सेंट इग्नेस’ आणि १८९३ पासून ‘सेंट मेरी’ ही लाकडी सांगाड्याची रेल्वे फेरी जहाजे पुढच्या पंख्याच्या जोरावर हिवाळ्यातही वाघिणी नेत होती. तिथला अनुभव समोर ठेवूनच रशियनांनी आपल्या जहाजाची मागणी नोंदवली.

‘बैकाल’वर १५ बॉयलर आणि प्रत्येक पंख्याला एक अशी तीन वाफेची इंजिने होती, एकूण शक्ती ३७५० अश्वशक्ती. पंधरा बॉयलरांच्या भट्ट्यांत अखंड इंधन टाकणाऱ्या माणसांची कल्पना करून पाहा. बाहेर हाडे गोठवणारी थंडी आणि खाली अंगाची लाही करणारी धग, आणि पाळी संपली की याच टोकावरून त्या टोकावर जायचे.

तरीही एक गोष्ट मान्य करायला हवी. बैकालवरचा बर्फ भर हिवाळ्यात मीटरभर आणि कित्येकदा त्याहून जाड होतो. शिवाय फोडलेली वाट मोकळी राहत नाही. तुकडे एकमेकांवर चढतात, त्या ढिगाऱ्यातले पाणी रातोरात गोठते आणि परतीच्या फेरीला मूळ थरापेक्षा अवघड अडथळा समोर उभा राहतो. त्यामुळे जानेवारीच्या मध्यापासून वसंतापर्यंत फेरी थांबत असे आणि प्रवाशांना घोड्यांच्या घसरगाड्यांतून सरोवर ओलांडावे लागे. जहाज बर्फ फोडू शकत होते, हे खरे. पण रोज, वेळापत्रकानुसार, तीन महिने फोडत राहणे ही निराळी मागणी होती.

हिशेबी:

धागाकर्त्यांविषयी आदर राखून मतभेद नोंदवतो. फेरीबोट तात्पुरती होती, हे मान्य. पण ‘तात्पुरते’ या शब्दाआड एक मोठी चूक झाकली जाते, असे मला वाटते.

साधा हिशेब करू. एका फेरीला चोवीस वाघिणी. जहाजात चढवणे, चार तासांचा प्रवास, उतरवणे, पलीकडच्या वाघिणी चढवणे आणि परतणे, हे सगळे धरले तर दिवसाला दोन जाऊन-येऊन फेऱ्या ही उत्तम हवामानातली मर्यादा होती. धुके आणि वादळ आले की तीही गेली. वाघिणी नेणारे जहाज एकच. त्याचा एक पंखा मोडला, तर साम्राज्याच्या दोन टोकांमधली मालवाहतूक अडणार होती. ज्या रेल्वेवर हजारो किलोमीटर रुळांचा खर्च केला, तिची एकूण क्षमता या एका जहाजाच्या पोटाएवढी होऊन बसली.

आणि हे दुबळेपण जगापासून लपलेले नव्हते. फेब्रुवारी १९०४ मध्ये जपानने मांचुरियाच्या किनाऱ्यावरच्या पोर्ट आर्थर या रशियन नौदल तळावर हल्ला केला, तेव्हा सरोवर पूर्ण गोठलेले होते आणि किनाऱ्याचा मार्ग अपुरा होता. वळसा पूर्ण झाल्यावर रशियाचे सैन्य पूर्वेला कितीतरी वेगाने पोहोचणार, हे तोक्योत कळत नव्हते असे कोण म्हणेल? जहाज हाताशी आहे म्हणून किनाऱ्याच्या अवघड टप्प्याचे काम सावकाश झाले. जहाज नसते, तर ते काम आधी हाती घ्यावेच लागले असते.

रूळवाट (धागाकर्ता):

हिशेबी, आपल्या आकडेमोडीशी माझा वाद नाही आणि शेवटच्या मुद्द्यात तथ्य आहे. जहाजामुळे मिळालेली उसंत किनाऱ्याच्या कामासाठी पुरेशा घाईने वापरली गेली नाही, हे मी मान्य करतो. पण तो दोष आखणी करणाऱ्यांचा आहे.

किनाऱ्याचा तो टप्पा काय होता, ते पाहू. बैकाल बंदरापासून कुल्तुकपर्यंत पाऊणशे-ऐंशी किलोमीटरच्या अंतरात ३९ बोगदे खोदावे लागले. त्याशिवाय पूल, कमानी आणि दरडी अडवणाऱ्या दगडी भिंती. इटालियन पाथरवटांनी घडवलेल्या त्या भिंती आजही उभ्या आहेत. बांधकामाच्या जागी जायला जमिनीवरून रस्ता नव्हता, त्यामुळे सिमेंट, सुरुंगाची दारू, धान्य, माणसे, सगळे उन्हाळ्यात पाण्यावरून आणि हिवाळ्यात बर्फावरून आणावे लागे. असे काम १८९० च्या दशकातच सुरू करून संपेपर्यंत पूर्वेकडची रेल्वे अडवून ठेवली असती, तर १९०४ साली रशियाकडे ना वळसा असता, ना जहाज. १९०० साली मांचुरियात सैन्य पाठवण्याची वेळ आली, तेव्हा पलटणी सरोवरापार गेल्या त्या याच सेवेने.

आता १९०४ च्या हिवाळ्याविषयी, कारण तो विषय निघणारच होता. दळणवळणमंत्री प्रिन्स मिखाईल खिल्कोव स्वतः बैकालवर येऊन राहिले. हे गृहस्थ तरुणपणी अमेरिकेत जाऊन रेल्वेवर साध्या कामगारासारखे राबले होते. रूळ आणि इंजीन त्यांना कागदावरून नव्हे, हातांनी माहीत होते. त्यांनी बैकाल बंदर आणि पूर्वेकडचे जवळचे ठाणे तांखोय यांच्यामध्ये थेट बर्फावर सुमारे ४५ किलोमीटर रूळ टाकवले. भार अधिक जागेवर पसरावा म्हणून रुळांखाली नेहमीपेक्षा लांब लाकडी ओंडके घातले होते. पण अखंड इंजिनाचे वजन त्या बर्फाला पेलत नाही, हे चाचणीत दिसून आले. त्यामुळे वाघिणी घोडे जुंपून, एकमेकींत अंतर ठेवून ओढल्या गेल्या. इंजिनांचे बॉयलर सांगाड्यापासून वेगळे केले गेले आणि ते भाग निरनिराळे पलीकडे नेऊन पुन्हा जोडले गेले. काही आठवड्यांत साठाहून अधिक इंजिने आणि दोन हजारांहून अधिक डबे अशा रीतीने पार झाले. सैनिकांच्या तुकड्या बर्फावरून चालत गेल्या. वाटेत मध्यावर त्यांना गरम जेवण आणि ऊब मिळावी म्हणून लाकडी बराकी उभारलेल्या होत्या. त्या ठाण्याचे नावच ‘सेरेदिना’, म्हणजे ‘मध्य’, असे होते.

बर्फावरून धूर सोडत धावणाऱ्या आगगाडीची जी चित्रे तेव्हाच्या युरोपीय नियतकालिकांत छापली गेली, ती म्हणूनच दिशाभूल करणारी आहेत.

पांथस्थ:

काही वर्षांपूर्वी मार्चच्या सुरुवातीला मी बैकालवर चार दिवस होतो. लिस्तव्यांकापासून थोडे दूर, गाइडने दाखवलेल्या जागी बर्फावर उभा राहिलो. वरचा भुसभुशीत हिमाचा थर पायाने बाजूला केला, तर खाली काळसर, काचेसारखा पारदर्शक बर्फ होता. त्यात पांढरे बुडबुडे एकावर एक नाण्यांच्या चळतीसारखे गोठलेले होते आणि खोलवर गेलेल्या भेगा पडद्यासारख्या उभ्या दिसत होत्या. पाण्यापर्यंतची ती जाडी डोळ्यांनी मोजता येत होती. माणसाला त्या जाडीने धीर येतो. मग अचानक कुठेतरी दूरवर तोफ उडाल्यासारखा आवाज झाला आणि तो आवाज पायांखालून सरकत निघून गेला. गाइड शांतपणे म्हणाला, की दिवस तापला की बर्फ फुगतो, रात्री आकसतो, आणि त्याला कुठेतरी तडकावेच लागते.

हे लिहिण्याचे कारण असे, की १९०४ च्या रुळांची खरी अडचण बर्फाची जाडी ही नसून त्याची हालचाल ही होती, असे मला तिथे उभे राहिल्यावर पटले. बैकालवर मैलोन्मैल लांबीच्या मोठ्या भेगा पडतात. त्या कधी मीटरभर रुंद उघडतात, कधी मिटताना कडा एकमेकींवर चढवतात. अशा जमिनीवर टाकलेला रूळ सकाळी सरळ असला तरी संध्याकाळपर्यंत वाकडा होणार. त्या आठवड्यांमध्ये रूळ सरळ करणाऱ्या, भेगांवर फळ्या आणि ओंडके टाकणाऱ्या गँगच्या माणसांची नावे कुठेच सापडत नाहीत. सगळे श्रेय मंत्र्यांच्या नावावर जमा झाले आहे. खिल्कोव यांचे कर्तृत्व मोठेच होते, पण रूळ कोणाच्या हातांनी सरळ राहिला, हेही नोंदले गेले पाहिजे.

आणखी एक निरीक्षण. अंगारा नदी सरोवरातून जिथे बाहेर पडते, तिथे मी मार्चमध्येही मोकळे, वाफाळणारे पाणी आणि त्यावर पोहणारी बदके पाहिली. वेगवान प्रवाहामुळे तो भाग गोठत नाही. बैकाल बंदर नेमके त्या तोंडाशी आहे. बंदराची जागा निवडणाऱ्यांना याचा उपयोग नक्कीच दिसला असणार.

जुनी_वही:

तारखांविषयी एक सूचना. रशियात १९१८ पर्यंत जुने ज्युलियन कॅलेंडर चालू होते. एकोणिसाव्या शतकातल्या तारखांत १२ दिवस आणि विसाव्या शतकातल्या तारखांत १३ दिवस मिळवले, की आपली तारीख मिळते. जहाज पाण्यात उतरल्याची तारीख म्हणूनच काही ठिकाणी १७ जून १८९९ आणि काही ठिकाणी २९ जून १८९९ अशी दिसते. दोन्ही एकाच दिवसाच्या तारखा आहेत. पोर्ट आर्थरवरच्या हल्ल्याचेही तसेच: रशियन नोंदींत तो जानेवारीच्या अखेरीस आहे, तर इतरत्र ८ फेब्रुवारी १९०४ रोजी. धाग्यावर आपण सगळ्यांनी नवीन पद्धत पाळली, तर गोंधळ होणार नाही.

हिशेबी:

जुनी_वही यांचे आभार. माझ्याही टिपणांत हा घोळ होता.

धागाकर्त्यांचे उत्तर मला बहुतांशी पटले. फक्त एक विचारतो. १९०४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात वळशाच्या मार्गावरून गाड्या धावू लागल्या आणि पुढच्या वर्षी तो रीतसर वाहतुकीला खुला झाला. मग ‘बैकाल’चे काय झाले? एवढ्या कष्टाने आणलेले जहाज लगेच बांधून ठेवले का?

रूळवाट (धागाकर्ता):

नाही. युद्ध चालू होते आणि नवा मार्ग एकेरी होता. शिवाय ताज्या कापलेल्या कड्यांवरून दरडी कोसळत. त्यामुळे युद्ध संपेपर्यंत फेरीबोट रेल्वेच्या जोडीने चालू राहिली आणि त्यानंतर राखीव म्हणून ठेवली गेली. वळशाच्या मार्गावर दुसरी रुळजोडी टाकण्याचे काम १९१४ पर्यंत झाले. त्यानंतर फेरीची गरज जवळपास उरली नाही.

जहाजाचा शेवट क्रांतीनंतरच्या रशियन यादवी युद्धात झाला. १९१८ च्या जुलैमध्ये बोल्शेविकांविरुद्ध लढणाऱ्या चेकोस्लोव्हाक सैन्यदलाने इर्कुत्स्क घेतले. बोल्शेविकांचे लाल सैन्य सरोवराच्या काठाने मागे हटत होते आणि हटताना त्याने याच मार्गावरचा एक बोगदा सुरुंगाने उडवला. त्याच्या ताब्यातल्या ‘बैकाल’ आणि ‘अंगारा’ यांच्यावर तोफा चढवलेल्या होत्या. चेकोस्लोव्हाकांनीही हाती लागलेल्या साध्या आगबोटींवर मैदानी तोफा बसवल्या आणि ऑगस्टमध्ये मिसोवायाच्या धक्क्याला उभ्या असलेल्या ‘बैकाल’वर मारा केला. वाघिणी नेणारे ते जहाज तिथेच जळाले. लाकडी भाग गेला, पोलादी सांगाडा उरला. पुढे तो ओढून बैकाल बंदरात आणला गेला, काही वर्षे तसाच पडून राहिला आणि शेवटी तोडून भंगारात गेला. ज्या पत्र्यांवर न्यूकॅसलमध्ये खुणा घातल्या होत्या, त्यांतला एकही आज दाखवता येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

उत्तरवारा:

‘अंगारा’ मात्र टिकले, पण त्याच्या वाट्याला आलेला एक दिवस विसरता येत नाही. जानेवारी १९२० मध्ये, बोल्शेविकविरोधी श्वेत राजवट कोसळत असताना, इर्कुत्स्कहून ओलीस म्हणून नेलेल्या ३१ राजकीय कैद्यांना त्या जहाजावर ठार मारून सरोवरात टाकण्यात आले. त्यानंतर ‘अंगारा’ने सोव्हिएत काळात कित्येक दशके बैकालवर प्रवासी आणि माल नेला. निवृत्तीनंतर ते दुर्लक्षित होऊन इर्कुत्स्कजवळच्या पाण्यात अर्धे बुडाले. लोकांनी आवाज उठवला, दुरुस्ती झाली, आणि आज ते इर्कुत्स्कमध्ये संग्रहालय म्हणून उभे आहे. जगात टिकून असलेल्या सर्वांत जुन्या बर्फफोडी जहाजांपैकी ते एक आहे.

पांथस्थ:

बैकाल बंदराविषयी शेवटचे लिहितो, कारण ते गाव मी पाहिले आहे. १९५० च्या दशकात इर्कुत्स्क येथे अंगारेवर धरण झाले. पाणी चढले आणि इर्कुत्स्कपासून बैकाल बंदरापर्यंतचा नदीकाठचा जुना रेल्वेमार्ग त्याखाली गेला. मुख्य मार्ग त्याआधीच डोंगरातून थेट स्ल्यूद्यांकाकडे वळवला होता. त्यामुळे ते ३९ बोगदे मुख्य मार्गावर राहिलेच नाहीत. स्ल्यूद्यांकाकडून येणारा एकेरी रूळ आता बैकाल बंदरात येऊन संपतो आणि त्यावरून स्थानिक लोक आणि पर्यटक यांच्यासाठी मोजक्या गाड्या धावतात.

स्थानकाची लाकडी इमारत नीट राखलेली आहे. तिथून पाण्याकडे उतरले, की जुन्या धक्क्याच्या अवशेषांच्या बाजूलाच एक लहान फेरीबोट उभी असते. गावातून लिस्तव्यांकाला, म्हणजे पलीकडच्या डांबरी रस्त्याला जायचे, तर अंगारेचे तोंड तिनेच ओलांडावे लागते. मी गेलो त्या दिवशी तिच्यावर दोन मोटारी, एक दूधवाली बाई आणि शाळेतून परतणारी पाच-सहा मुले होती.

रूळवाट (धागाकर्ता):

पांथस्थ, त्या धक्क्याची आपण काढलेली छायाचित्रे असतील, तर कृपया येथे टाकावीत. वाघिणी जहाजात चढवण्यासाठी किनाऱ्याशी जी काट्याच्या आकाराची गोदी बांधली होती, तिचे लाकडी खांब पाण्यात कुठपर्यंत दिसतात, ते मला पाहायचे आहे.